उतरवलेल्या घराची खुंटीफळी, पडलेल्या फणसाची काठवट

आमच्या दापोलीकडे कौलारू घर उतरवून स्लॅब घालायचं ठरलं की अंगणात आधी कौलांची चळत लागते आणि मग तिच्या शेजारी लाकडाचा ढीग. चांगल्या तुळया, खांब, नक्षीचं पुढचं दार यांना गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असतं. उरतात ते वासे, रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या), खिडक्यांच्या चौकटी, मागच्या दाराच्या फळ्या आणि झिजलेला उंबरठा. हे सगळं बंबाखाली जातं. माझं काम त्या उरलेल्या ढिगावर चालतं, आणि वादळात पडलेल्या झाडांवर.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. सुतारकाम शिकले ते आळीतल्या एका जुन्या सुतारांकडे. सगळा गाव त्यांना दादा म्हणतो, म्हणून इथेही ते दादाच. खाली दोन वस्तू सांगतेय. एक, जुन्या फळीवर कोरलेली खुंटीफळी. दुसरी, ओल्या फणसातून कोरलेली काठवट, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात. पहिली नवख्यालाही जमते. दुसरीला हात बसलेला हवा, निदान कुणी जाणतं शेजारी हवं.

माझ्याकडे विचारायला येणारे बहुतेक जण काम उलट्या टोकानं सुरू करतात. मोबाइलवर एखादी नक्षी आवडते, तिची प्रिंट काढतात आणि मग तिला बसेल अशी फळी शोधत फिरतात. तशी फळी जुन्या लाकडात सापडत नाही. मग वखारीतून नवीन सागवान येतं आणि जुन्या लाकडाची हौस तिथेच संपते. आधी फळी घरी आणा, साफ करा, तिच्यावरच्या गाठी, खिळ्यांची भोकं, बिजागरीचे खड्डे नीट बघा. नक्षी त्यांना चुकवून तरी काढायची, नाहीतर पोटात घेऊन तरी.

ढिगातून काय उचलायचं

कोकणातल्या जुन्या घरात साग असतोच असं नाही. ऐन, किंजळ, फणस, जांभूळ हेही भरपूर सापडतात. रिपा बऱ्याचदा पोफळीच्या, कुठेकुठे वासे माडाचे. धुरानं सगळं सारखंच काळं झालेलं असतं, त्यामुळे नुसत्या नजरेनं ओळखायला जाऊ नका. न दिसणाऱ्या कोपऱ्यात चाकूनं नखाएवढी जागा खरवडा. सागाचा सोनेरी तपकिरी रंग आणि कमावलेल्या चामड्यासारखा वास लगेच कळतो, शंभर वर्षांच्या फळीलाही तो वास येतो. फणस आतून पिवळा किंवा गडद मधाच्या रंगाचा. ऐन करडा-तपकिरी, मधूनमधून काळपट रेघा, आणि उचलताना मनगटाला जाणवेल इतका जड. सुक्या सागाचा एक घनफूट तुकडा साधारण 18-19 किलो भरतो, ऐनाचा 24च्या आसपास. सारख्या मापाचे दोन तुकडे दोन हातांत घेतले की फरक समजतो.

कोरायला साग आणि फणस चांगले. ऐन कोरू नका. त्याचे रेशे एकमेकांत अडकलेले असतात आणि पटाशीची (कोरायच्या छिन्नीची) धार पाहता पाहता जाते. मात्र खुंट्यांसाठी ऐनाइतकं चांगलं काही नाही, म्हणून त्याचे वीतभर तुकडेही ठेवून द्या. माडाचा वासा बाहेरून कठीण आणि आत भुसभुशीत असतो, त्याच्यावर बारीक नक्षी टिकत नाही. कुणाकडे शिवणीची फळी निघाली तर सोडू नका. हलकी, फिकट, फारशी न वाकणारी, हात बसवायला उत्तम. पांगारा त्याहूनही मऊ; सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं पूर्वापार त्याची बनत आली. पण त्यांच्यावर रंग चढतो. पांगाऱ्याला उघडा ठेवण्यात मजा नाही.

फळी उचलण्याआधी पोखरलेली आहे का ते बघा. भोकं असणं एवढ्यानं बिघडत नाही, कारण किडा कदाचित पन्नास वर्षांपूर्वीच निघून गेलेला असतो. फळीवर दोन-चार थापा मारा आणि खाली काळा कागद पसरून ती आठवडाभर तशीच राहू द्या. कागदावर ताजं, फिकट पीठ पडलं तर आत कुणीतरी राहतंय. अशी फळी घरातल्या इतर लाकडाजवळ नेऊ नका. पीठ पडलं नाही तर ती भोकं नक्षीचा भाग समजा.

भाव ठरवताना लाजू नका, पण फुकटही मागू नका. एका घरी मला विचारलं, "बाई, सरपणाला नेताय होय?" मी म्हटलं, "नाही हो, भिंतीवर लावायला." त्यांनी ढिगातला सगळ्यात चांगला उंबरठा काढून दिला. काम झाल्यावर त्याच्यातला एक तुकडा कोरून त्यांच्या नव्या घरात पोचवला. तेव्हापासून त्या वाडीत कुणाचं घर उतरलं की मला फोन येतो.

कायद्याचं थोडक्यात. उभं झाड तोडायचं असेल तर महाराष्ट्रात 1964चा वृक्षतोडीचा कायदा आहे. त्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, खैर यांच्याबरोबर आपले परड्यातले आंबा, फणस, जांभूळ, चिंचही आहेत. झाड स्वतःचं असलं तरी आधी परवानगी. शहरात 1975चा वेगळा कायदा लागतो, तिथे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागतं. उतरवलेल्या घराचं लाकूड टेम्पोत भरून लांब न्यायचं असेल तर घरमालकाची सहीची चिठ्ठी जवळ ठेवा आणि वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्या. नाक्यावर टेम्पो अडवल्यावर विचारण्यात अर्थ नसतो. आणि शिसवीची वस्तू परदेशातल्या लेकीला पाठवायची असेल तर जरा थांबा. 2017 पासून शिसवीच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे, कागदपत्रं लागू शकतात.

साफसफाई

खरं काम इथे आहे, आणि लोक इथेच घाई करतात.

पहिली गोष्ट लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधला निघाला तरी चालेल. फळीच्या दोन्ही अंगांनी आणि कडांनी तो हळूहळू फिरवा, जिथे ओढला जाईल तिथे खडूनं खूण करा. डोकं तुटलेले खिळे लाकडाच्या आत दोन-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) दडलेले असतात. वर दिसणारे खिळे अंबूरनं, म्हणजे खिळे उपटायच्या पकडीनं काढा. अंबूरच्या खाली पातळ लाकडी पट्टी ठेवा, नाहीतर फळीवर खळगा पडतो. डोकं नसलेल्या खिळ्याभोवती अरुंद पटाशीनं थोडं कोरून अंबूरचं तोंड आत जाईल एवढी जागा करायची, आणि खिळा सरळ न ओढता आधी डावी-उजवीकडे हलवायचा. गंजलेला खिळा लाकडात चिकटलेला असतो, हलवला की सुटतो. फळी गिरणीत उभी चिरून घ्यायची असेल तर हे काम दुप्पट काळजीनं करा. एका खिळ्यानं गिरणीवाल्याचं पातं जातं, म्हणून जुनं लाकूड बघून बरेच गिरणीवाले हात जोडतात. चुंबक सोबत न्या आणि त्यांच्यासमोर फिरवून दाखवा.

खिळ्याच्या भोकाभोवती निळसर काळा डाग असतो. लोखंड आणि लाकडातला तुरटपणा यांचा तो डाग, आतपर्यंत उतरलेला. घासून जात नाही आणि घालवूही नका. ही फळी दाराला होती, तो डाग तिचाच.

मग काजळी. जुन्या स्वयंपाकघरावरच्या फळ्यांवर चुलीच्या धुराचा जाड थर असतो. कोमट पाणी, थोडा धुण्याचा सोडा आणि काथ्याचा कुंचा. रेशांच्या दिशेनं घासायचं, लगेच कोरड्या फडक्यानं पुसायचं, फळी भिजत ठेवायची नाही. फडकं जवळजवळ पांढरं निघेपर्यंत हे करत राहा. इतकं केल्यावरही फळी काळी-तपकिरीच राहते, आणि तीच आपल्याला हवी असते. का, ते पुढे सांगते.

दोन धोके लक्षात ठेवा. वाळवी लागू नये म्हणून आपल्याकडे वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची पद्धत होती. असं लाकूड हाताला किंचित चिकट लागतं आणि घासताना उग्र वास येतो. त्या तेलानं कातडी भाजते, अंगाला फोड येतात. वर्षानुवर्षं गेली तरी घासल्यावर उडणाऱ्या भुशाचा काही जणांना त्रास होतो. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला मास्क. त्रास होत असेल तर ते लाकूड सोडून द्या, ढिगात दुसरं असतंच. दुसरा धोका जुन्या ऑइल पेंटचा. हिरव्या-निळ्या खिडक्यांवरच्या त्या जाड थरांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा आली ती 2017च्या शेवटी, त्याआधीच्या रंगावर विश्वास ठेवू नका. रंग कोरडा घासायचा नाही, जाळायचा तर मुळीच नाही. ओला करून खरवडा, सालपटं पिशवीत बांधा, आणि त्या दिवशी नातवंडांना मागच्या पडवीत येऊ देऊ नका.

खुंटीफळी

माप सांगते, पण हे ढोबळ. लांबी दोन फूट, रुंदी सहा इंच, जाडी एक ते दीड इंच. मागच्या दाराची फळी यासाठी अगदी योग्य.

आता ती काळी कातडी. सुतार मंडळी जुनी फळी हातात आली की पहिल्यांदा रंधा मारतात. आतलं सोनेरी लाकूड बाहेर येतं, सगळे वा वा म्हणतात, आणि ती फळी दुकानातल्या नव्या फळीसारखी दिसायला लागते. मी रंधा फक्त मागच्या बाजूला मारते, भिंतीला नीट टेकावी म्हणून. पुढची बाजू तशीच ठेवायची आणि नक्षी आत खोदायची. जिथे पटाशी जाते तिथे उजळ लाकूड उघडं पडतं, भोवती धुरानं काळवंडलेली जुनी त्वचा राहते. रंग लावावा लागत नाही, आणि नवख्याचं सगळ्यात कंटाळवाणं काम, म्हणजे नक्षीभोवतीची सगळी जमीन खाली उतरवणं, तेही वाचतं.

नक्षीसाठी मी केळफूल घेते. पेशवाईतल्या लाकूडकामात सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि केळफुलं पुष्कळ दिसतात. पुण्याला जाल तेव्हा विश्रामबागवाड्याचं दर्शनी लाकूडकाम आणि राजा दिनकर केळकर संग्रहालयातली दारं निवांत बघा. वही न्या, फोटो कमी काढा. हातानं रेखाटलेली गोष्ट हाताला आठवते. अर्थात केळफूल बघायला पुण्याला जायची गरज नाही, परड्यातलं एखादं आणून समोर टांगा.

फळीवर आधी खडूनं काढा. बिजागरीचा खड्डा असेल तर एखाद्या फुलाचा देठ तिथून निघू द्या. फुलं खाली टोक करून, दोन किंवा तीन, मध्ये खुंट्यांसाठी जागा सोडून. रेषा पक्की झाली की पांढऱ्या पेन्सिलीनं गिरवा.

हत्यारं थोडीच लागतात. धारदार चाकू, अर्धा इंची सपाट पटाशी, दोन गोल पटाश्या, एक रुंद आणि एक अरुंद, आणि ठोकायला लाकडी मोगरी. फळी हलू नये म्हणून टेबलाला सी-क्लॅम्पनं आवळा. दोन्ही हात पटाशीवर हवेत, म्हणजे कुठलाच हात पटाशीच्या पुढे जात नाही. धार हवीच. पटाशीची धार साधारण 25 अंशांची, कुरुंदाच्या दगडावर तेल टाकून, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर ओढून. दादांची परीक्षा सोपी आहे: मऊ लाकडाच्या तोंडावर, म्हणजे जिथे रेशे आडवे कापले जातात तिथे, पटाशी दाबा. चकचकीत काप आला तर धार आहे, पांढुरका आणि फाटलेला आला तर परत दगडाकडे.

एक पाकळी कशी निघते ते सांगते, बाकी सगळं त्याचंच रूप. जुनी त्वचा ठिसूळ असते, पटाशी लावली की कडेनं तिचे कपचे उडतात. म्हणून पहिल्यांदा चाकू. पांढऱ्या रेषेवरून चाकू उभा धरून अर्धा सूत खोल काप घ्यायचा, एका दमात, थांबत थांबत नाही. वळणावर चाकू फिरवण्यापेक्षा शरीर फिरवा. आता त्या कापापासून पाव इंच आत, पाकळीच्या अंगाला, अरुंद गोल पटाशी तिरकी टेकवा आणि कापाच्या दिशेनं ढकला. चाकूच्या रेषेपाशी आली की ढलपी आपोआप सुटते. ती सुटली नाही तर चाकूचा काप उथळ झालाय. पटाशीनं उचकटू नका, चाकू परत फिरवा. असं करत पाकळीच्या वरच्या कडेला खोली दोन सूत आणि खालच्या टोकाकडे जेमतेम अर्धा सूत. म्हणजे पाकळी वरच्या पाकळीच्या पोटातून निघाल्यासारखी दिसते. मग रुंद गोल पटाशीनं, मोगरी बाजूला ठेवून, नुसत्या हाताच्या जोरानं तिचा उतार गुळगुळीत करायचा. पटाशीच्या खुणा मी ठेवते. पॉलिश पेपरनं घासलेली पाकळी साबणाच्या वडीवर उठवलेल्या नक्षीसारखी गुळगुळीत आणि मेलेली दिसते.

रेशांची दिशा प्रत्येक पाकळीत बदलते. डावीकडून ढकलताना लाकूड फाटायला लागलं तर हट्ट करू नका, उजवीकडून या. जुनं सागवान फार कोरडं असेल तर ओल्या फडक्यानं पुसून पाच मिनिटं थांबा, काप जरा मऊ येतो. सागात वाळूसारखे कण असतात, त्यामुळे धार लवकर जाते. दर दोन-तीन पाकळ्यांनंतर पटाशी चामड्यावर ओढायची सवय लावून घ्या. उजेड बाजूनं हवा. डोक्यावरच्या ट्यूबखाली खोली कळत नाही. मी संध्याकाळी टेबल लॅम्प फळीच्या पातळीला ठेवते, सगळे खड्डे-उंचवटे सावलीत उघडे पडतात.

खुंट्या ऐनाच्या. पाच इंच लांब तुकडा, पुढे जाड, मागचा इंचभर भाग गोल, सहा सूत व्यासाचा. आधी चौकोनी, मग आठ कोनी, मग गोल; चाकूनं आणि शेवटी कानशीनं. फळीत भोक पाडताना ड्रिल सरळ धरू नका. खुंटीचं तोंड किंचित वर हवं, दहा अंश पुरेत, नाहीतर ओल्या छत्रीच्या वजनानं वस्तू घसरते. अंदाजानं कोन येत नाही म्हणून दहा अंशांत कापलेला एक लाकडी ठोकळा ड्रिलला टेकवून भोक पाडा. खुंटीच्या मागच्या टोकाला करवतीनं चीर द्या, खुंटी भोकात बसवा, मागून त्या चिरेत पाचर ठोका. चीर फळीच्या रेशांना आडवी हवी. रेशांना समांतर ठेवलीत तर पाचर फळीलाच चिरते. साग तेलकट असतो, फेविकॉल लावणार असाल तर भोक आधी थिनरच्या फडक्यानं पुसून वाळू द्या.

काठवट

3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या किनाऱ्यावर आंबे, फणस, माड, पोफळी आडव्या झाल्या. त्यातलं किती लाकूड कुजून गेलं ते डोळ्यांनी पाहिलंय. फणस पडल्यावर पावसात तसाच राहिला की बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला बुरशी आणि किडा दोन्ही लागतात. पडलेलं झाड मिळालं तर पहिल्या दिवशी ओंडक्यांच्या दोन्ही तोंडांना मेण किंवा उरलेला ऑइल पेंट जाड फासा. पाणी तोंडातून झपाट्यानं सुटतं आणि तडे तिथूनच सुरू होतात. फळ्या वाळवायच्या असतील तर मध्ये रिपा घालून सावलीत रचा. इंचभर जाडीला वर्ष असा जुना हिशोब आहे. कोकणातल्या पावसाळ्यात काहीच वाळत नाही, हे धरून चाला.

काठवटीला मात्र एवढं थांबायचं नाही. ती ओली असतानाच कोरायची, कारण ओला फणस भाकरीच्या पिठासारखा हाताचं ऐकतो. निदान चौदा-पंधरा इंच जाडीचा ओंडका घ्या, पाचरी ठोकून मधोमध उभा फोडा. गाभ्यातला अगदी मधला गर आणि त्याच्या लगतचं इंचभर लाकूड तासून टाका, तडे तिथूनच पडतात. बाहेरचं पांढरं लाकूडही शक्य तेवढं काढा, किडा त्यालाच लागतो. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेलं लाकूड किडत नाही असं दादा ठामपणे सांगतात. वादळाला तिथी विचारता येत नाही, म्हणून मी पांढरं लाकूड काढते.

सपाट बाजू वर, पाठ खाली. ओंडका चौकटीत पाचरींनी घट्ट बसवा. दादा वाकसानं, म्हणजे आडव्या पात्याच्या कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं खोदतात, बसून, पाय दोन्ही बाजूंना लांब ठेवून. तुम्हाला वाकसाची सवय नसेल तर रुंद गोल पटाशी आणि मोगरी घ्या. वेळ दुप्पट लागेल, पण पायाची बोटं दहाच्या दहा राहतील. खोदायचं ते रेशांना आडवं, कडेकडून मध्याकडे. रेशांबरोबर लांबलचक घाव घातले की कड फाटून निघते. चीक हत्यारावर बसतो. फणस चिरताना विळीला लावतो तसं खोबरेल पटाशीला लावा.

कडा आणि बूड पहिल्या वेळी इंचभर जाडच ठेवा, दोन्ही टोकांना त्याहून थोडं जास्त. वाळताना काठवट लंबगोल होते, रुंदीत आखडते, लांबीत जवळजवळ नाही. ही जास्तीची जाडी नंतर तिला परत आकारात आणायला लागते. खोदून झाली की टोकांना मेण लावा आणि तिच्याच ढलप्यांनी भरलेल्या पोत्यात पुरून वारा नसलेल्या कोपऱ्यात ठेवा. सुरुवातीला आठवड्यानं ढलप्या बदला, बुरशी धरते. दर आठवड्याला वजनकाट्यावर ठेवून आकडा भिंतीवर लिहा. वजन उतरायचं थांबलं की वाळली. त्याआधी बोटानं दाबून, वाजवून, गालाला लावून काहीही कळत नाही.

मग दुसरी कोरणी. कडा चार सूत, बूड थोडं जास्त. इथे नक्षी बाहेरच्या बाजूलाच, कडेखाली एखादी वेलीची रेघ, बस्स. आत कोरलंत तर पीठ अडकेल आणि घरातल्या बायका ती काठवट फडताळावर ठेवून देतील. शेवटी काचेच्या ताज्या तुकड्यानं खरवडून घ्या, पॉलिश पेपरपेक्षा स्वच्छ अंग येतं. तुकड्याची धरायची बाजू जाड कापडात गुंडाळा.

तेल, मेण, लाख

खाण्याच्या भांड्याला घाण्यावरचं जवसाचं तेल. रंगाच्या दुकानातलं जवस तेल नको, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंची द्रव्यं मिसळलेली असतात. पातळ हात द्या, अर्ध्या तासानं पुसून घ्या, चार-पाच दिवस वाळू द्या, असं तीन-चारदा. मग तीन भाग तेलात एक भाग मधमाशांचं मेण मंद आचेवर, गरम पाण्याच्या भांड्यात वितळवून चोळा. खोबरेलही चालतं, पण ते वाळत नाही, दर महिन्याला पुन्हा लावायची तयारी हवी. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवा, मगच टाका.

खुंटीफळीला तेल लावू नका. तेलानं कोरलेला उजळ भाग गडद होतो आणि काळ्याशी असलेला त्याचा फरक निम्मा जातो. तिला स्पिरिटमध्ये विरघळवलेली फिकट चपडा लाख (शेलॅक), कापडाच्या बोळ्यानं, दोन-तीन पातळ हात. हे काम पावसाळ्यात काढू नका, दमट हवेत लाख पांढुरकी पडते. ऑक्टोबर उजाडला की करा. पोखरलेल्या भोकांची शंका असेल तर लाखेच्या आधी फळीच्या मागच्या बाजूला लिटरभर कोमट पाण्यात 20 ग्रॅम बोरिक पावडर आणि 30 ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) विरघळवून दोनदा लावा आणि पूर्ण वाळू द्या. काठवटीला हे अजिबात नाही.

फणसाची नवी काठवट हळदीसारखी पिवळी दिसते. उजेडात ती काही महिन्यांत तपकिरी होणारच. कुणाला भेट देताना हे आधी सांगा, नाहीतर "बाई, रंग गेला" म्हणून फोन येतो.

भिंतीवर लावताना

जांभ्याच्या भिंतीत साधा स्क्रू धरत नाही, दगड भुसभुशीत होऊन भोक मोठं होतं. निदान तीन इंच खोल भोक पाडा, त्यात सुक्या ऐनाचा किंवा किंजळीचा गुटका ठोकून बसवा आणि स्क्रू त्या गुटक्यात फिरवा. चिऱ्यांच्या सांध्यात भोक पाडू नका, चिऱ्याच्या मध्यावर पाडा. फळीला स्क्रूची भोकं थोडी लांबट ठेवा, पावसाळ्यात फुगायला तिला जागा लागते. फळी आणि भिंत यांच्यामध्ये दोन सूत जाडीच्या चकत्या घाला, म्हणजे भिंतीची ओल मागून चढणार नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा फळी उतरवून मागची बाजू बघा. ओलीची खूण दिसली तर चकत्या जाड करा.